लावता न येणारं जंगल

14 जुलै 2024 रोजी इंदूरच्या रेवती रेंजवर चोवीस तासांत अकरा लाखांहून अधिक रोपं लागली. आसामच्या नावावरचा आधीचा विक्रम मोडला, गिनीजचं प्रमाणपत्र आलं आणि पुढे कित्येक दिवस शहरात तोच विषय होता. रोपं लावायला गेलेल्यांत माझ्या ओळखीची पुष्कळ माणसं होती. भर पावसात चिखल तुडवत त्यांनी केलेल्या कामाबद्दल मला आदर आहे. उजाड टेकडी हिरवी व्हावी, शहराला सावली मिळावी, यात वाद घालण्यासारखं काहीच नाही. माझी तक्रार आहे ती त्यानंतर आपल्या बोलण्यात मुरलेल्या एका हिशेबाबद्दल. कुठे धरणासाठी, कुठे खाणीसाठी, कुठे बंदरासाठी जंगल गेल्याची बातमी आली की लगेच कुणीतरी म्हणतं, "जाऊ दे, तेवढी झाडं दुसरीकडे लावता येतात की! आपण नाही का एका दिवसात लावली?" हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. किती चुकीचा, हे समजून घ्यायचं असेल तर आपल्याच देशातल्या एका दुर्मिळ फुलाकडे नीट बघावं लागेल.

त्या फुलाचं नाव सॅप्रिया हिमालयाना. विल्यम ग्रिफिथ या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाला ते 1836 साली मिश्मी टेकड्यांत, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात सापडलं आणि 1844 साली त्याने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. ईशान्य भारत, म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम आणि दक्षिण चीन एवढाच त्याचा मुलूख. आपल्याकडे अरुणाचलातल्या नामदाफा राष्ट्रीय उद्यानाच्या सदाहरित जंगलात ते आहे, आणि ईशान्येतल्या इतर राज्यांत तुरळक ठिकाणी. रक्तासारखा लाल रंग, त्यावर गंधकी पिवळे ठिपके, दोन थरांत मांडलेल्या दहा जाड पाकळ्या आणि विताएवढा घेर. ते थेट जमिनीतून वर आल्यासारखं दिसतं. त्याला पान नाही, खोड नाही, मूळ नाही. सडक्या मांसासारखा वास येतो आणि त्या वासावर माश्या येतात. नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. एका फुलावरचं पराग दुसऱ्यापर्यंत पोचवायचं काम या माश्यांचं, आणि त्यांच्या हाती असतात दोन-तीन दिवस. तेवढ्यात फूल काळं पडायला लागतं.

मग उरलेलं वर्षभर ही वनस्पती असते कुठे? द्राक्षाच्या कुळातली टेट्रास्टिग्मा नावाची एक रानवेल असते, तिच्या आत. बुरशीच्या तंतूंसारखे पेशींचे बारीक धागे वेलीच्या मुळांत आणि खोडात पसरलेले असतात, तेवढंच तिचं शरीर. पाणी, साखर, क्षार, सगळं वेलीकडून. बाहेरून ती वेल बघितली तर आत कुणी राहतं आहे याची शंकासुद्धा येणार नाही. पावसाळा संपत आला की वेलीच्या मुळावर गाठी दिसू लागतात, त्या कोबीच्या गड्ड्यासारख्या फुगतात आणि थंडीत उमलतात. काही गाठी उमलण्याआधीच कुजून जातात.

2021 साली या वनस्पतीचा जनुकसंच वाचला गेला. बहुतेक सपुष्प वनस्पतींत हमखास आढळणाऱ्या जनुकांपैकी सुमारे 44 टक्के जनुकं तिने टाकून दिली आहेत. सूर्यप्रकाशावर अन्न बनवणाऱ्या हरितलवकांचा स्वतंत्र जनुकसंच तर पूर्ण गेलेला आहे. उलट, सव्वा टक्क्याच्या आसपास जनुकं ती ज्या वेलींत राहिली त्यांच्याकडून आलेली आहेत, आणि त्यांतली काही आजच्या यजमान वेलीची नसून फार पूर्वीच्या, दुसऱ्याच वेलींची आहेत. लाखो वर्षांत ही वनस्पती कुणाकुणाच्या आश्रयाने राहिली त्याची नोंद तिच्या शरीरात शिल्लक आहे. ज्याला आपण एका हेक्टराचा भाव लावतो त्या जमिनीवर असं काही जगत असतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

सॅप्रियाची थोरली बहीण जास्त प्रसिद्ध आहे. सुमात्रातलं रॅफ्लेशिया आर्नोल्डी हे जगातलं सर्वांत मोठं एकेरी फूल. मीटरभर रुंद आणि आठ-दहा किलो वजनाचं. 1818 साली बेंगकुलूजवळच्या जंगलात जोसेफ आर्नोल्ड या डॉक्टरला ते एका स्थानिक नोकराने दाखवलं. आर्नोल्डचं आणि त्याचा वरिष्ठ स्टॅम्फर्ड रॅफल्सचं नाव फुलाला मिळालं, दाखवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. आर्नोल्ड त्याच वर्षी तापाने गेला. (या कुळाचं जवळचं नातं निघालं ते एरंडाच्या कुळाशी. माळव्यात शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या एरंडाची इवलीशी फुलं पाहिली तर हे खरं वाटत नाही, पण जनुकांचा पुरावा तसाच आहे.) पुष्कळजण रॅफ्लेशियाची गल्लत टायटन अरमशी करतात. टायटन अरम हा आपल्या सुरणाचा भाऊबंद, त्याचा प्रचंड तुरा युरोप-अमेरिकेतल्या उद्यानांत कुंडीत फुलवतात आणि बघायला रांगा लागतात. रॅफ्लेशिया असं कुंडीत फुलवता येत नाही.

माझा मुद्दा इथूनच सुरू होतो. रॅफ्लेशिया आणि सॅप्रिया लावता येत नाहीत. त्यांचं बी धुळीच्या कणाएवढं. ते साठवून बियाणं-पेढीत ठेवून भागत नाही. ते बी वेलीच्या आत नेमकं कसं शिरतं हे शास्त्रज्ञांनासुद्धा अजून प्रत्यक्ष बघता आलेलं नाही. इंडोनेशियातल्या बोगोरच्या वनस्पती उद्यानात रॅफ्लेशिया पाटमा ही जाती 2010 साली फुलवण्यात यश आलं, पण त्यासाठी जंगलातली, आत परजीवी असलेलीच वेल आणून तिचं कलम बांधावं लागलं आणि वर्षानुवर्षं वाट बघावी लागली. म्हणजे जगातल्या उत्तम उद्यानातली अनुभवी माणसंसुद्धा जंगलाकडून उसनं घेतल्याशिवाय हे करू शकली नाहीत. खड्डा खणला, रोप लावलं, पाणी घातलं, फोटो काढला, या क्रमात हे फूल कुठेच बसत नाही. त्याला आधी वेल लागते. वेलीला चढायला जुनी, उंच झाडं लागतात. झाडांखाली दमट सावली लागते. माश्या लागतात, माश्यांना वाढायला सडणारं काही लागतं, बी इकडून तिकडे नेणारे लहान प्राणी लागतात. हे सगळं एकाच ठिकाणी, एकाच वेळी, सलग कित्येक दशकं टिकलं तर कुठेतरी एखादी गाठ फुगते. पन्नास वर्षांनी नव्या लागवडीतली झाडं उंच होतीलही, पण ही साखळी आपोआप जुळून येईल असं समजायला काहीच आधार नाही.

आता आपला सरकारी हिशेब बघा. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टरहून मोठ्या ज्या जमिनीवर झाडांचं छत्र दहा टक्क्यांहून जास्त आहे, ती जमीन वनाच्छादन म्हणून धरली जाते. मालकी कुणाची, झाडं कसली, हा प्रश्न नाही. आंब्याची बाग, बांबू, ताडामाडाची लागवड, सगळं त्यात. याच मोजणीनुसार मध्य प्रदेश देशात पहिला आहे, 77 हजार चौरस किलोमीटरवर वनाच्छादन. अभिमान वाटावा असा आकडा आहे, पण त्यातलं किती जंगल आहे आणि किती नुसती झाडं, हे त्या आकड्यातून कळत नाही. वनजमीन प्रकल्पांसाठी वळती करताना झाडांची मोजणी होते ती जातीनुसार आणि बुंध्याच्या जाडीच्या वर्गांनुसार. वेली त्यात नसतात. वेलीच्या आत राहणारं तर नसतंच. झाडं लावणाऱ्याला गुण देणाऱ्या ग्रीन क्रेडिट या सरकारी योजनेची 2024 साली जी पद्धत जाहीर झाली तिच्यात एका झाडाला एक गुण होता आणि हेक्टरी किमान 1100 झाडांची अट होती. ज्या जमिनींवर ही लागवड करायची त्यांत विरळ वनं आणि झुडपी जमिनीही होत्या. आपल्या पश्चिम मध्य प्रदेशातलं विरळ, गवताळ रान ही काही रिकामी जागा नव्हे. तिथे नीलगाय चरते, तणमोर पक्ष्याची वीण होते. हेक्टरी 1100 खड्डे खणले की ते रान राहत नाही.

इंदूरकरांना भरपाईच्या जंगलाची गोष्ट नवी नाही. इंदिरा सागर धरणात सुमारे 40 हजार हेक्टर जंगल बुडालं. 2004 च्या पावसाळ्याच्या तोंडावर त्या धरणात बुडणारं हरसूद गाव रिकामं झालं, तेव्हा माणसांच्या हालांच्या बातम्या आपण वाचल्या. खांडवा-हरदा भागात ज्यांची नाती होती त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. जंगलाच्या बाजूने रडणारं कुणी नव्हतं, कारण पर्यायी वनीकरण, म्हणजे गेलेल्या जंगलाच्या बदल्यात दुसरीकडे झाडं लावणं, मंजुरीच्या कागदावर होतंच. नर्मदेच्या काठच्या त्या जंगलात सॅप्रिया नव्हतं, ते आपल्याकडच्या पानगळीच्या जंगलाचं फूलच नाही. पण तिथल्या जुन्या झाडांवर, वेलींवर, ओढ्याकाठच्या सावलीत काय काय होतं याची वेलीनिशी नोंद न होताच पाणी चढलं. ग्रेट निकोबार बेटावरच्या बंदर-विमानतळाच्या प्रकल्पात तर हा हिशेब टोकाला गेला. 130 चौरस किलोमीटर विषुववृत्तीय सदाहरित जंगलाच्या बदल्यात भरपाईची लागवड हरियाणात करायचं मंजुरीच्या कागदांत ठरलं. मिश्मी टेकड्यांच्या मुलखात, जिथे ग्रिफिथला हे फूल सापडलं, तिथे 2880 मेगावॉटचा दिबांग जलविद्युत प्रकल्प उभा राहतो आहे आणि त्यात तीन लाखांवर झाडं जाणार आहेत. तीन लाख! रेवती रेंजच्या आकड्याशेजारी ठेवला तर हा आकडा किरकोळ वाटतो, आणि मला भीती आहे ती नेमकी याचीच. आमच्या शहराचा विक्रम दुसऱ्या कुठल्या तरी जंगलाच्या तोडीला धीर देणारा ठरू नये.

पाम तेलाचं उदाहरण आणखी स्पष्ट आहे. सुमात्रा आणि बोर्निओत रॅफ्लेशियाची जंगलं तोडून तेलताडाचे मळे झाले. 2023 साली शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने रॅफ्लेशियाच्या तेव्हा माहीत असलेल्या 42 जातींचा आढावा घेतला. त्यांतल्या 25 त्यांनी अतिसंकटग्रस्त ठरवल्या, आणि या जातींचे दोन तृतीयांश अधिवास कुठल्याही संरक्षित क्षेत्रात नाहीत असं निघालं. तोच तेलताड 2021 च्या राष्ट्रीय अभियानातून आपण ईशान्य भारतात नेतो आहोत, सव्वातीन लाख हेक्टरांच्या आसपास उद्दिष्ट ठेवून. स्वयंपाकाचं तेल परदेशातून आणावं लागतं, त्यावर काही उपाय हवा, हे मान्य. पण तेलताडाचं छत्र दाट झालं की वन सर्वेक्षणाच्या नकाशात ते हिरवंच दिसणार. तिथे आधी टेट्रास्टिग्माच्या वेली होत्या की नाही हे त्या नकाशाला ठाऊक नसतं.

गेल्या गणेशोत्सवात आमच्या भागातल्या मराठी मंडळात मी या फुलाबद्दल बोलले. भाषण झाल्यावर शेजारचे एक काका म्हणाले, "ताई, फूल सुंदर आहे. पण शेवटी दुसऱ्याच्या जिवावर जगणारंच ना ते? त्याला वाचवायला आपण कशाला एवढं झटायचं?" प्रश्न रास्त आहे. गावाकडच्या माणसाला परजीवी वनस्पती म्हटलं की ज्वारीतला टारफुला आठवतो, कुंपण पिवळं करून टाकणारी अमरवेल आठवते, ग्वाल्हेर-मुरैनाकडे मोहरीच्या शेतात उगवणारं मरगोजा आठवतं. त्यांनी शेतकऱ्याचं खरंच नुकसान होतं. पण शेतात हजारो यजमान एका जागी, एका वयाचे, ओळीत उभे असतात, म्हणून तिथे परजीवी माजतो. जुन्या जंगलात ते शक्य नसतं. तिथे सॅप्रिया आपली वेल मारून टाकत नाही, वेल मेली तर तीही मरते. जगात परजीवी सपुष्प वनस्पतींच्या सुमारे साडेचार हजार जाती आहेत. ज्याचा आपण देवपूजेला गंध उगाळतो तो चंदनसुद्धा शेजारच्या झाडांच्या मुळांतून काही वाटा घेतच वाढतो. त्याला कुणी नावं ठेवत नाही.

आणि परजीवी गेला तर जंगलाचं काही अडत नाही, हेही खरं नाही. इंदूरमधल्या जुन्या आंब्यांवर बांडगूळ असतं. हळदीकुंकू नावाचं जे पिवळं-तांबडं ठसठशीत फुलपाखरू आपण बागेत बघतो, त्याच्या अळ्या त्या बांडगुळाच्या पानांवर वाढतात. फुलटोचा त्याची फळं खातो आणि चिकट बिया दुसऱ्या फांदीवर पुसून ठेवतो. ऑस्ट्रेलियात काही वनखंडांतून बांडगूळ मुद्दाम काढून तीन वर्षांनी पक्ष्यांची मोजदाद केली, तेव्हा तिथल्या पक्षिजातींपैकी सरासरी पाचवा हिस्सा कमी झाला होता. 2012 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्याला आपण झाडावरचं ओझं समजतो त्याच्यावर पक्ष्यांची केवढी मदार असते ते यातून कळलं.

आता आपल्या जवळच्या जंगलातली एक गोष्ट. चोरलच्या बाजूला हिवाळ्यात फिरताना सागांच्या मधून जाणारी मालकांगोणीची एक वेल मी पाहिली. मनगटाहून जाड, सालीवर पांढुरके ठिपके. गुडघ्याच्या उंचीवर ती तोडलेली होती, आणि परत जुळू नये म्हणून वर हातभर अंतरावर दुसरा घाव घालून मधला तुकडाच काढून टाकलेला. खालचा बुंधा ओलसर, वरचा भाग सागाला लटकून वाळत चाललेला. फांद्यांवर फळं तशीच होती. पिवळी टरफलं तीन फाकांत उघडलेली आणि आत शेंदरी गराने लपेटलेलं बी. ते खायला बुलबुल येत होते. बरोबर असलेल्या नाकेदाराला, म्हणजे वनरक्षकाला, विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, वेल सागाला सरळ वाढू देत नाही. लता-कटाई कामाच्या यादीतच असते." त्याचं काही चुकलं नाही. इमारती लाकडाचं उत्पन्न हेच जंगलाचं काम असं मानलं, की वेल तोडायलाच हवी. इंग्रजांच्या काळापासून वनशास्त्राच्या पुस्तकांत हे काम आहे आणि आजही ते वनविभागाच्या कार्ययोजनेत लिहिलं जातं. तोडणाऱ्याला मजुरी मिळते, कागदावर जंगलाची सुधारणा होते. हीच सरसकट तोड टेट्रास्टिग्माच्या रानात झाली तर? कुऱ्हाड चालवणाऱ्याला वेल दिसेल, आतलं सॅप्रिया दिसणारच नाही. एक घाव, दोन वनस्पती. त्यांतली दुसरी तिथे होती हे कधीच कुणाला कळणार नाही.

यावर उपाय म्हणून दुर्मिळ जातींच्या याद्या पुढे केल्या जातात. वन्यजीव कायद्यात 1991 साली वनस्पतींना जागा मिळाली तेव्हा पहिल्या सहा नोंदी होत्या, घटपर्णी, निळी वांडा ही ऑर्किड वगैरे. सॅप्रिया त्यांत नव्हतं. याद्यांचा उपयोग आहे, पण तो ओरबाडून नेणाऱ्यांविरुद्ध. सॅप्रिया कुणी खणून विकायला नेत नाही. त्याचा जीव जातो तो वेल तुटल्याने, सावली गेल्याने, रस्ता निघाल्याने. नुसत्या फुलाला संरक्षण देऊन काही होत नाही. वेल, झाड, ओढा आणि माश्या यांच्यासकट ती जागा राखली तरच त्या संरक्षणाला अर्थ आहे.

म्हणून माझं ठाम मत असं आहे की जुन्या सदाहरित जंगलांसाठी पर्यायी वनीकरण हा पर्याय कायद्यातूनच काढून टाकावा. तिथे भरपाईची भाषाच नको. प्रकल्प इतका निकडीचा असेल तर त्याने जंगल कायमचं जाणार आहे असं मंजुरीच्या कागदावर स्पष्ट लिहावं, लोकांसमोर ते मांडावं आणि मग जो निर्णय व्हायचा तो होऊ दे. आज हरियाणातल्या रोपांचा आकडा जोडला की निकोबारचं नुकसान कागदावर शून्य होतं आणि निर्णय घेणाऱ्याचं मन हलकं होतं. ते हलकं होता कामा नये. दुसरं, पाहणीचा हंगाम. अनेक प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालाला पावसाळा सोडून एका हंगामाची पाहणी पुरते. मार्च-एप्रिलात गेलेल्या तज्ज्ञाला सॅप्रियाच्या जागी नुसती वेल दिसेल आणि तो प्रामाणिकपणे "आढळलं नाही" असं लिहील. ईशान्येत टेट्रास्टिग्मा आढळली तर हिवाळ्यातली पाहणी झाल्याशिवाय अहवाल पुरा मानू नये. स्थानिक मिश्मी, सिंगफो, लिसू माणसांना बरोबर घ्यावं, आणि अहवालात त्यांची नावं यावीत.

आणि इंदूरपुरतं बोलायचं तर आपल्या हातात एक काम अगदी जवळचं आहे. वनविभागाची कार्ययोजना साधारण दहा वर्षांसाठी असते आणि मग नव्याने लिहिली जाते. रोपं लावायला हजारोंनी जाणाऱ्या या शहरातल्या संस्थांनी, मराठी मंडळांनी, महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी आपल्या वनमंडळाची कार्ययोजना मागवून वाचावी आणि त्यात लता-कटाई कुठे, किती, कशासाठी लिहिली आहे ते बघावं. जिथे साग विक्रीसाठी राखलेला नाही, ओढ्याकाठी, उतारांवर, अभयारण्याच्या कडेला, तिथे ती बंद करावी असं लेखी मागावं. मालकांगोणीच्या बिया तर औषधासाठी विकल्या जातात, ती तोडण्यात गावकऱ्यांचंही नुकसान आहे, तेव्हा वन समित्यांच्या बैठकीत हा विषय निघाला तर गावकरी आपल्या बाजूने बोलतील. पुढच्या जुलैत खड्डे खणायला जाण्याआधी, या हिवाळ्यात ते कागद मागवायचा अर्ज करता येईल.